घरातली छोटी रेल्वे: पहिला रूळ टाकण्याआधी (मोजमाप, वीज, खडी आणि आपला उन्हाळा)

रूळवाला_भुसावळ

नवीन माणूस आधी इंजिन पसंत करतो, मग रूळ घेतो आणि जागा शेवटी मोजतो. हा क्रम उलटा हवा. आधी टेप घेऊन जागा मोजा, त्यातून स्केल ठरतं, स्केलवरून वळण ठरतं, आणि त्या वळणावर कोणतं इंजिन नि किती लांबीचा डबा चालेल ते सगळ्यात शेवटी.

स्केल आणि गेज यांची गल्लत करू नका. खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याएवढं मॉडेल आहे ते स्केल. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. एचओ म्हणजे १:८७, गेज १६.५ मिमी. ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, पण गेज तेच १६.५ मिमी. म्हणून दोन्ही एकाच रुळावर धावतात, फक्त शेजारी उभे केले की ओओचा डबा थोराड दिसतो. एन म्हणजे १:१६० आणि गेज ९ मिमी.

आपल्या गाड्यांसाठी यात एक मेख आहे. भारताचं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात, पण एचओचा रूळ १६.५ मिमीचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजवरून आला आहे. म्हणजे एचओमधलं भारतीय इंजिन स्वतःच्या मापापेक्षा पावणेतीन मिमी अरुंद रुळावर उभं असतं. हे मान्य करून पुढे चला. गेज सुधारण्यासाठी रूळ, सांधे (गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळवणारी जोडणी), चाकं सगळं हाताने करावं लागतं, ते सुरुवातीचं काम नाही.

मार्कलिन या जर्मन कंपनीचा एचओ संच सेकंडहँड मिळाला तर जरा थांबा. रुळाच्या मधोमध बारीक ठिपके दिसले तर ती तीन रुळांची पद्धत आहे. तिची इंजिनं आणि चाकं दोन रुळांच्या बारा व्होल्ट डीसी सामानात मिसळत नाहीत.

सावदा_लोडिंग

६ बाय ३ फुटांच्या दिवाणाएवढी जागा आहे असं धरून सांगा. एचओ बसेल का? एलएचबी (नव्या धाटणीच्या लांब) डब्यांची राजधानी फिरेल का? आणि एक लाईन दुसरीच्या वरून पुलावरून नेता येईल का?

रूळवाला_भुसावळ

भाऊ, तिन्हीचा हिशोब मांडतो.

६ बाय ३ फूट म्हणजे १८२९ बाय ९१४ मिमी. ओओ-एचओच्या तयार तुकड्यांत पहिल्या नंबरचं वळण ३७१ मिमी त्रिज्येचं, दुसऱ्या नंबरचं ४३८ मिमी. दुसरं घेतलं तर व्यास ८७६, त्यात स्लीपरची रुंदी ३० धरली की ९०६ झाले. बोर्डाच्या कडेला चार मिमी उरतात, गाडी घसरली की थेट फरशीवर. म्हणून या जागेत ३७१ चंच वळण बसतं. तेव्हा कडेला प्रत्येकी ७ सेंमी राहतात.

आता डबा. एलएचबी डबा साधारण २३.५ मीटर लांब, एचओमध्ये २७० मिमी. डब्याच्या लांबीच्या निदान अडीच-तीनपट त्रिज्या असावी असा ठोकताळा आहे. म्हणजे ६७५ ते ८१० मिमी. ३७१ च्या वळणावर हा डबा मधून आत घुसेल, टोकं बाहेर फेकली जातील आणि कपलिंग शेजारच्या डब्याला रुळावरून खेचेल. त्याऐवजी बॉक्सएन ही उघडी मालवाघीण बघा, १०.७ मीटरची, एचओमध्ये जेमतेम १२३ मिमी. या जागेत मालगाडी शोभते. छोटं शंटिंग इंजिन आणि पाच-सहा आखूड वाघिणी घ्या.

राजधानीच हवी असेल तर एन घ्या. तोच डबा तिथे १४७ मिमीचा होतो. काटो कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांत २८२, ३१५, ३४८ मिमी अशी वळणं मिळतात. ३१५ आणि ३४८ ची दुहेरी लाईन ३ फुटांत आरामात बसते.

पुलाचं विसरा. एचओमध्ये वरच्या लाईनला किमान ७५ मिमी चढावं लागतं. ५० ला १ अशा चढाने त्याला पावणेचार मीटर लागतात, उतरायला तेवढेच, म्हणजे साडेसात मीटर. तुमच्या बोर्डावरचा अख्खा फेरा सव्वाचार मीटरच्या आत आहे. कसारा घाटात ३७ ला १ चा चढ आहे नि तिथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात, हे ध्यानात ठेवलं की मॉडेलचं हलकं इंजिन का घसरतं ते कळतं.

गिरणाकाठ

बोर्डाबद्दल. वर १२ मिमी प्लाय, खाली २ बाय १ इंच पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या दर १५-१६ इंचांवर. ९ मिमी प्लाय चालतो, पण मग पट्ट्या फूटभर अंतरावर घ्या, नाहीतर पावसाळ्यात मध्ये झोल येतो. कुजणार नाही असा बीडब्ल्यूपी प्लाय महाग वाटला तरी तोच घ्या.

आपल्याकडचा मुख्य मुद्दा उन्हाळ्याचा आहे. रुळाचा निकेल सिल्व्हर धातू तापला की वाढतो. फ्लेक्स (हवा तसा वाकवता येणारा) रूळ ९१४ मिमीचा येतो. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत खोलीच्या तापमानात तीस-पस्तीस अंशांचा फरक धरला तर एका तुकड्याची लांबी अर्धा मिमी वाढते. सरळ लाईनला असे चार तुकडे एकमेकांना भिडवून घट्ट बसवले असतील तर दोन मिमी जायचे कुठे? रूळ बाजूला फुगतो. खऱ्या लाईनवर रूळ वाकतो तसाच. ज्या ठिकाणी खिळा सैल असेल तिथे बाक येतो आणि गाडी रोज त्याच जागी घसरते.

डिसेंबर-जानेवारीत रूळ टाकत असाल तर रुळांच्या प्रत्येक जोडाला १ मिमी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर जाड कागदाएवढी पुरे, कारण रूळ आधीच वाढलेला आहे.

तापी_व्हॅली

आप्पा, बठ्ठं खरं शे, पण रुळापेक्षा लाकूड जास्त हलतं हेही लिहा. उन्हाळ्यात आपली हवा खडखडीत कोरडी होते, लाकूड आकसतं. रूळ वाढतोय आणि खालचा बोर्ड आखडतोय, म्हणजे फटी दोन्हीकडून मिटतात. पावसाळ्यात नेमकं उलट, लाकूड फुगतं, रूळ थंड होतो, फटी उघडतात. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये रूळ वाकल्याची आणि जुलै-ऑगस्टमध्ये वीज तुटल्याची तक्रार येते.

उपाय: बोर्डाला दोन्ही बाजूंनी आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना प्रायमर किंवा वॉर्निशचे दोन हात. नुसता वरून रंग दिला तर लाकूड खालून ओल घेतं आणि बोर्ड पिळवटतो. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवरच्या शेडमध्ये लेआउट नकोच.

तिथे आणखी एक धोका. थ्रीडी प्रिंटचे डबे-इंजिनं बहुतेक पीएलएची असतात आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पत्र्याखाली, बंद ट्रंकेत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलं तर छत खाली बसतं. प्रिंट करून घेताना एबीएस किंवा पीईटीजी मागा.

सांधेवाला

रूळ बसवण्याचं काम.

प्लायवर आधी ३ मिमी कॉर्कची पट्टी फेविकॉलने चिकटवा. आवाज कमी होतो आणि खडीला खांदा मिळतो. एनला दीड-दोन मिमी कॉर्क पुरे. तळाला थर्माकोल वापरणार असाल तर तिथे फेविबॉन्डसारखा उग्र वासाचा गोंद लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

वळण फ्लेक्स रुळाने करायचं तर जोड वळणावर येऊ देऊ नका. आलाच तर दोन तुकडे सरळ ठेवून आधी झाळा (सोल्डर करा), मग वाकवा. एवढाच एक जोड झाळायचा. सरळ लाईनचे जोड झाळले की गिरणाकाठ यांनी सांगितलेली फट संपली. रूळ कापल्यावर टोकाची खालची आणि आतली कड कानशीने गुळगुळीत करा. तिथला बारीक काटा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) वाकवतो आणि चाकाचा काठ उचलतो.

खिळा पूर्ण ठोकणं ही हमखास होणारी चूक. स्लीपर मधोमध दबला की दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेज आवळतं. खिळ्याचं डोकं आणि स्लीपर यांच्यात पोस्टकार्ड सरकलं पाहिजे.

घसरणीचं कारण शोधताना रुळाला दोष देण्याआधी चाकं मोजा. एचओमध्ये एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंतलं अंतर साधारण १४.४ मिमी हवं. व्हर्नियर कॅलिपरने बघा. कमी भरलं तर चाक सांध्याच्या क्रॉसिंगवर चढतं, जास्त भरलं तर ते वळणात आवळतं. एकच डबा सगळीकडे घसरतो तेव्हा चाक दोषी. सगळे डबे एकाच जागी घसरतात तेव्हा रूळ.

सांधे घेताना एक निवड करावी लागते. क्रॉसिंगचं नाक (आतले दोन रूळ मिळतात ते टोक) प्लास्टिकचं असलेला सांधा बसवायला सोपा, पण तिथे वीज नसते. आखूड इंजिनाची चाकं नेमकी त्या मेलेल्या जागेवर येतात आणि हळू चालवताना इंजिन थांबतं. धातूच्या नाकाचा सांधा हळू चालीला उत्तम, मात्र नाकापासून निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना पुढे प्लास्टिकचे जोड घालावे लागतात आणि सांधा फिरेल तशी नाकाची वीज बदलणारा छोटा स्विच लावावा लागतो. तो न लावता जिभेच्या (सांध्याच्या हलत्या पात्याच्या) टेकण्यावर विसंबलं तर धूळ बसली की संपर्क गेला. आपल्याकडे धूळ किती, ते सांगायला नको.

सांध्याची मोटर कॉइलची असेल तर बटण टिचकी मारून सोडायचं. दाबून धरलं की दोन-चार सेकंदांत कॉइल जळते. साधा चालू-बंद स्विच तिथे कधीच लावू नका.

तारयंत्र

विजेचा भाग लिहितो. वरची सगळी चर्चा इथेच येऊन मिळते. उष्णतेसाठी फट ठेवायची, म्हणजे फिशप्लेट सैल राहणार. सैल फिशप्लेटमधून वीज नीट जात नाही. म्हणून फिशप्लेटने फक्त रूळ सरळ धरायचा, वीज प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारेने द्यायची. नवशिके हेच टाळतात, कारण पहिल्या दिवशी दोन तारांवरही गाडी धावते. सहा महिन्यांनी लांबच्या टोकाला ती मंदावते आणि मग इंजिन खराब झाल्याची शंका येते.

बोर्डाखालून दीड चौरस मिमीच्या दोन तारा फिरवा, एक लाल, एक काळी. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला वीतभर बारीक तार झाळून, बोर्डाला भोक पाडून खाली उतरवा आणि जाड तारेला जोडा. गोल लाईनवर बाहेरचा रूळ लाल, आतला काळा, असं एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

झाळण्यासाठी २५ वॉटची लेखणी (सोल्डरिंग आयर्न) तारेला ठीक, रुळाला ४०-६० वॉटची बरी. कमी वॉटची लेखणी रुळावर दहा सेकंद टेकून राहते आणि तेवढ्यात स्लीपर वितळतात. जास्त वॉटची दोन सेकंदांत काम करून निघते. रुळाची बाहेरची बाजू कानशीने चकचकीत करा, रोझिन लावा, तार आधीच कथिलाने माखून घ्या, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचा बोळा ठेवा. कल्हईचा नवसागर किंवा अॅसिडवाला फ्लक्स वापरू नका. जोड लगेच धरतो, पण नंतर हिरवा पडून तार कुरतडली जाते.

आता चाचणी. कंट्रोलर चालू करून एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. कंट्रोलरचं संरक्षण ताबडतोब तुटलं पाहिजे. नाणं सरकवत लाईनच्या प्रत्येक तुकड्यावर हे करा. जिथे संरक्षण तुटत नाही, तिथे तार कमी आहे किंवा जोड कच्चा आहे. खडी टाकण्याआधीच करा, नंतर उकरावं लागतं.

कंट्रोलर ० ते १२ व्होल्ट, १ अँपिअरचा पुरे. स्वतः जुळवायचा तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अॅडॉप्टर, पुढे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं पीडब्ल्यूएम मॉड्यूल, मागे-पुढे करण्यासाठी मध्ये बंद असणारा सहा टोकांचा स्विच आणि १ अँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज). अॅडॉप्टर उघडायचा नाही. २३० व्होल्टचं काहीही बोर्डाखाली नको.

अमळनेर_आउटर

तारयंत्र दादा, दोन शंका. लाईन गोल फिरवून परत त्याच लाईनला आणून जोडली, म्हणजे गाडी तोंड फिरवून येईल, तर चालतं का? आणि डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) लगेच घ्यावं का?

तारयंत्र

तशीच जोडली तर शॉर्ट होतो, गाडी ठेवायच्याही आधी. कागदावर लाल-काळ्या पेन्सिलीने काढून बघा, फेरा पूर्ण करून येताना लाल रूळ काळ्याला भिडतो. रुळांचा त्रिकोण केला तरी हेच. फेऱ्याचा गाडीपेक्षा लांब भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर प्लास्टिक जोडांनी वेगळा काढा आणि त्याला वेगळा उलट-सुलट स्विच द्या. डीसीसीमध्ये हे काम आपोआप करणारं मॉड्यूल मिळतं.

डीसीसीत रुळावर कायम १४-१६ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि इंजिनातला डीकोडर आपल्या नंबराची आज्ञा ऐकतो. कारखान्यातून येताना नंबर बहुधा ३ असतो. दोन नवीन इंजिनं एकदम ठेवली आणि दोन्ही पळाली तर घाबरू नका, एकाचा नंबर बदला. डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसी रुळावर उभं ठेवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते.

एक-दोन इंजिनं असतील तर डीसीने सुरुवात करा, तारा मात्र वर सांगितल्या तशाच टाका. उद्या डीसीसी आणलं तर बोर्डाखाली हात घालावा लागणार नाही.

गिरणाकाठ

खडीबद्दल. आयात खडीच्या पाकिटाची गरज नाही. खऱ्या मुख्य लाईनची खडी सर्वांत मोठी ६५ मिमी. त्याला ८७ ने भागलं की पाऊण मिमी. नदीची रेती धुवा, वाळवा, चहाच्या गाळणीतून पाडा आणि जी खाली पडली ती मैद्याच्या चाळणीतून पुन्हा चाळा. मैद्याच्या चाळणीवर जे उरेल ते आपलं माप.

पुढची पायरी कोणी गाळू नका. तापी-गिरणेची रेती बेसाल्टच्या खडकातली, तिच्यात काळे लोहचुंबकी कण असतात. स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेतीतून फिरवा. पिशवीला काळी मिशी चिकटते. ती झटकून पुन्हा फिरवा, काही चिकटेनासं होईपर्यंत. हे कण राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्यांना रुळावरून वर ओढून घेतं, ते गिअरमध्ये जातात आणि चांगलं इंजिन करकरायला लागतं.

रेती कोरडीच पसरवून मऊ ब्रशने स्लीपरच्या पातळीखाली बसवा. मग पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून फवारा, रेती पूर्ण भिजू द्या. त्यावर एक भाग फेविकॉल, तीन-चार भाग पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, हे ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर थेंब गोळा होऊन रेतीला खड्डे पाडतो. सांध्याच्या जिभेजवळ मात्र नुसती चिमूटभर रेती, गोंद जवळजवळ नाहीच. जीभ चिकटली तर सांधा बाद.

काळी माती वापरायची हौस सगळ्यांना असते. जाड थर दिला की वाळताना भेगा पडतात, शेतात पडतात तशाच. आधी तपकिरी रंगाचा हात, त्यावर पातळ फेविकॉल आणि वरून गाळलेली कोरडी माती भुरभुरवा.

पीजे_नॅरोगेज

जागा अगदीच कमी असेल तर पाचोरा-जामनेरचा विचार करा. ती अडीच फुटी नॅरोगेज लाईन होती, ७६२ मिमी. ८७ ने भागलं की ८.७६ मिमी, आणि एनचा रूळ ९ मिमीचा. ब्रॉडगेजच्या बाबतीत पावणेतीन मिमी चुकतात, इथे फक्त पाव मिमी. एनच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा, वर एचओ मापाची बॉडी बसवायची. माणसं, झाडं, बैलगाड्या सगळं एचओचं. आखूड डब्यांना २०० मिमीचं वळणही पुरतं, म्हणून ४ बाय २ फुटांत पहूर किंवा शेंदुर्णीसारखं स्टेशन उभं राहतं. एनच्या रुळाचे स्लीपर फार दाट नि बारीक दिसतात. त्यावर उपाय सोपा: खडीऐवजी मातीत जवळजवळ गाडून टाका.

फेराच नको असेल तर चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर शंटिंगचं यार्ड करा. तीन गाळे (डबे उभे करायच्या बाजूच्या लाईनी), एकात पाच वाघिणी मावतील, दोघांत तीन-तीन, आणि तिन्ही गाळे जिथे मिळतात त्या पुढच्या मानेत इंजिन अधिक तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने लावायच्या. क्रम ६७२० प्रकारे येऊ शकतो, त्यामुळे खेळ संपत नाही. आखूड चारचाकी वाघिणीच घ्या, नाहीतर मान पुरत नाही.

सावदा_लोडिंग

सगळं टिपून घेतलं. केळीच्या बागेचं मापही द्या, सावदा-रावेरच्या केळी लोडिंगचा फलाट करायचा तर बाग पाहिजेच.

पीजे_नॅरोगेज

अडीच मीटरचं झाड एचओत २९ मिमी, लागवड दीड बाय दीड मीटर धरली तर १७ मिमी अंतर. पानं कागदाची, मधली शीर नखाने दाबून, कडा दोन-तीन जागी फाडून. वाऱ्याने फाटलेलं पान नसेल तर ती केळ वाटत नाही. कापूस शेजारी लावायचा तर १२ ते १५ मिमी उंच.

सांधेवाला

देखभालीचं राहिलं. रूळ आयसोप्रोपिलने, सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर मारू नका, ओरखड्यांत काजळी बसते आणि पुढच्या वेळी लवकर काळा पडतो. चाकंही पुसा, विशेषतः प्लास्टिकची, रुळावर मळ तीच पसरवतात. शक्य तेव्हा डब्यांना धातूची चाकं घाला. इंजिनाला प्लास्टिकला चालणारं पातळ तेल, सुईच्या टोकाने एक थेंब. खोबरेल नको, २४-२५ अंशांखाली गोठतं, आपल्या थंडीत गिअर जाम होतात.

आणि भो, मार्च संपायच्या आत रुळांच्या प्रत्येक जोडाची फट एकदा डोळ्यांनी बघून घ्या. जिथे बंद दिसेल तिथे बारीक करवतीचं एक पातं फिरवा. रूळ वाकल्यावर खडी उकरण्यापेक्षा ते पाच मिनिटांचं काम आहे.